डबल बेल

३ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. बाबा आत मशीनवर आहेत. मघाशी मोबाइलवर कॉलेजचा संदेश आला: "आपली शैक्षणिक प्रगती समाधानकारक नाही. आर्थिक सहाय्याबाबत कक्षात समक्ष भेटावे." मी तो वाचतेय तोच डॉक्टर बाहेर आले आणि चालता चालता म्हणाले, "वडिलांची प्रकृती समाधानकारक आहे हं." एका घरात एका वेळी दोघांचं समाधानकारक असू नये असा काहीतरी नियम असावा.

शाळेत प्रगतिपुस्तकात बाई हाच शब्द लिहायच्या. हुशारांना 'उत्तम', मठ्ठांना 'लक्ष द्यावे', आणि ज्यांचा चेहरा बाईंना आठवत नसे त्यांना 'प्रगती समाधानकारक'. मला दरवर्षी तेच मिळायचं आणि मी नाक मुरडायचे. आता तोच शब्द मागूनही मिळत नाहीये.

बाबांना काही सांगितलेलं नाही. त्यांच्या किडन्या गेल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी डायलिसिस असतं, आणि सोबत घरचं माणूस असल्याशिवाय इथे पेशंटला आत घेत नाहीत. घरात माणसं दोन. आई मी चौथीत असताना गेली. म्हणजे सोबतीला मीच. बाबांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "तुझं कॉलेज?" मी म्हणाले, "मंगळवार-शुक्रवार दुपारी मला सुट्टीच असते." नेमकी तेव्हाच रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं असतात. खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच कौतुक वाटलं.

४ फेब्रुवारी

सहाय्य कक्षात गेले. तिथल्या चष्मेवाल्या बाई वाईट नाहीत, पण त्यांना एकच गोष्ट दहादा सांगायची सवय आहे. नियम असा: सत्रात जेवढी क्रेडिट घ्याल, त्यातली निदान दोन तृतीयांश पास झाली पाहिजेत. नाहीतर फी आणि महिन्याचा खर्च, दोन्ही बंद. मागच्या सत्रात मला ताकीद मिळाली होती. नुकत्याच लागलेल्या निकालात आकडा आणखी खाली आलाय.

मी म्हणाले, "पण मी नापास एकाच विषयात झालेय. दुसरा तर मी सोडला होता." वसतिगृहातल्या बुटकीने सांगितलं होतं की हजेरी कमी असेल तर परीक्षेआधी विषय सोडून दे, मग तो धरतच नाहीत. बुटकी म्हणजे उंटावरचा शहाणा, तेही बुटक्या उंटावरचा.

बाई म्हणाल्या, "अगं, सोडलेलाही घेतलेलाच धरतात. ताटात वाढून घेतलंस ना? मग खाल्लं नाहीस तर टाकलंस असं म्हणायचं."

एवढं सोपं मला आधी कुणी का सांगितलं नाही?

त्यांनी अपिलाचं सांगितलं. तीन कारणं चालतात: स्वतःचं आजारपण, घरच्यांचं आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू. "तुझं दुसरं," त्या म्हणाल्या आणि कपाटातून अर्ज काढून दिला. हॉटेलात आचाऱ्याला ऑर्डर सांगावी तसं म्हणाल्या, त्यामुळे बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

अर्ज दिला. हॉस्पिटलचे कागद जोडले. 'वडिलांसोबत दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी मलाच थांबावे लागते, त्यामुळे प्रात्यक्षिके बुडाली' असं लिहिलं. पहिल्यांदाच कुठेतरी हे खरं लिहिलं. लिहिताना बाबांची चहाडी करतेय असं वाटत होतं.

त्यांना सांगायला हवं का? कालपासून तेच डोक्यात आहे. पण मी ओळखते त्यांना. फिटनेस तपासणीत नापास झाल्यावर डेपोने त्यांच्याकडून बस काढून घेतली, त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, "आता एक करायचं, कुणाच्या वाटेत गाडी उभी करायची नाही." त्यांच्या सुईमुळे माझं कॉलेज अडलंय हे कळलं तर ते सुई उपसून चालायला लागतील. अपील मंजूर झालं की विषयच संपेल, आणि पुढच्या सत्रापासून प्रात्यक्षिकांची तुकडी बदलून घेईन.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

करायला गेले एक आणि झालं भलतंच. अर्जात 'पालकांचा क्रमांक' म्हणून बाबांचा नंबर लिहिला होता. आज मशीनवर असतानाच त्यांना फोन आला की पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे, पालक आले तर चांगलं. बाहेर आल्यावर भिंतीला धरून उभे राहिले आणि पहिला प्रश्न हाच, "क्लीनर, कसली सुनावणी?"

मी लहानपणी त्यांच्या सीटमागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचे, तेव्हापासून मी क्लीनर.

मी अर्धंच सांगितलं. मार्क थोडे कमी पडलेत, दर वर्षी बघतात, प्रगती समाधानकारक आहे की नाही ते.

"म्हणजे त्यांना समाधानकारक हवंय."

"हो."

"एवढंच ना?" ते म्हणाले. "मग मी येतो."

रात्री जेवताना एकदम खुलले. त्यांच्या नोकरीत दर वर्षी तपासणी व्हायची. डोळ्यांच्या तक्त्यातली खालची ओळ ड्रायव्हर लोक एकमेकांकडून पाठ करून जायचे. "आत शिरलं की ताठ उभं राहायचं आणि 'ठणठणीत' म्हणायचं. तिथे रडका चेहरा न्यायचा नसतो. त्यांना एकदा का संशय आला की चावी काढून घेतात." मी हसले. तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण किती दिवसांनी ते पोटभर जेवत होते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सगळं लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

बाबांनी सकाळी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. डोक्याला तेल. काठी घरीच ठेवली. मी म्हणाले, घ्या ना. तर म्हणाले, "म्हातारा दिसतो." बसमधून उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, पण कॉलेजच्या पायऱ्या त्यांनी कठड्याला न धरता चढल्या. मध्ये एकदा थांबून नोटीस बोर्ड वाचायचं नाटक केलं. त्या बोर्डावर काहीच नव्हतं.

मी ठरवलं होतं की त्यांना बाहेर बसवायचं आणि आधी मी एकटीने आत जायचं. शिपायाने दोघांना एकदमच आत सोडलं.

लांब टेबलामागे तिघं. मध्ये एक टकले सर, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला टिपणं घ्यायला चष्मेवाल्या बाई. सर भले दिसले. उठून म्हणाले, "बसा बाबा. तब्येत कशी आहे आता?"

"ठणठणीत." बाबा बसलेच नाहीत.

"डायलिसिस चालू आहे ना?"

"जातो की. गाडी सर्व्हिसिंगला जाते तसा. दुपारभर उभी केली की परत रस्त्यावर."

मॅडम हसल्या. बाबांना वाटलं, पास होतोय. ते आणखी ताठ झाले.

सरांनी माझा अर्ज पुढे ओढला. "मुलीचं म्हणणं आहे की तुमच्यासोबत थांबावं लागतं म्हणून तिची प्रात्यक्षिकं बुडाली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेकडे पाहिलं.

"नाही साहेब, काहीतरी चुकतंय. मंगळवार-शुक्रवार दुपारी तिला सुट्टीच असते. माझ्यामुळे हिचा एक तासही बुडालेला नाही. तसं मी होऊच दिलं नसतं."

चष्मेवाल्या बाईंचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवया किंचित उंचावल्या, म्हणजे बोल, आत्ता बोल.

"मग तास का बुडाले?" सरांनी मला विचारलं.

खरं सांगायचं म्हणजे बाबांना तीन परक्या माणसांसमोर खोटं पाडायचं, आणि वर हेही सांगायचं की तुमच्यामुळेच बुडाले. ताठ उभ्या असलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांदेखत. माझ्याने नाही झालं.

"माझं लक्ष नव्हतं, सर," मी म्हणाले.

सरांनी अर्ज मिटला. रागावले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर असं काही आलं की रागावले असते तर बरं झालं असतं.

येताना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. बाबा कुठल्याही बसमध्ये बसले तरी थांबा आला की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. आज दाबला नाही. दोन थांबे गेल्यावर म्हणाले, "तुझे तास कधी बुडाले गं?"

"असेच. आळस."

"आळस," ते म्हणाले. मग घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

४ मार्च

नामंजूर. "नमूद कारण सिद्ध होत नाही." बाई म्हणाल्या, स्वतःच्या खर्चाने एक सत्र पास होऊन दाखव, मग मदत पुन्हा सुरू होईल. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. फी भरता आली असती तर मदत कशाला मागितली असती?

बाई हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी बोलली का नाहीस?" मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचाच का आला कोण जाणे.

घरी आल्यावर बाबा दारातच उभे. "काय झालं?"

"समाधानकारक," मी म्हणाले.

त्यांनी दोनदा दार ठोकलं. टक टक. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आमच्या घरात आनंद असाच साजरा होतो.

९ मार्च

नाव कटलं. बस स्थानकात पार्सलच्या खिडकीवर काम मिळालं. पार्सलशेठ बाबांना ओळखत नाहीत, नवीन आहेत. सकाळी कॉलेजची बॅग घेऊन निघायचं आणि संध्याकाळी कॉलेज सुटायच्या वेळेला परतायचं. खोकी वजन करायची, दोरी तपासायची, पावती फाडायची. माझा प्रयोगशाळेतला हात इथेही उपयोगी पडतो. काट्यावर डोळा नेमका बसतो.

गंमत म्हणजे आता मंगळवार-शुक्रवार दुपारी बाबांसोबत जाता आलं असतं. शेठ म्हणाले होते, दुपारी हवं तर दोन तास सुट्टी घे, माल संध्याकाळी येतो. पण सुनावणीत प्रात्यक्षिकांचं निघाल्यावर 'सुट्टीच असते' हे बाबांना परत कसं सांगणार?

आणि ते सांगायची वेळच आली नाही. रविवारीच म्हणाले, "यापुढे सोबतीला कंडक्टर येईल. तू दुपारच्या तासांना बस. सुट्टी असली तरी बस." कंडक्टर काका म्हणजे बाबांच्याच बसवर वर्षानुवर्षं घंटी वाजवलेले. घरचेच. मी लगेच हो म्हणाले. म्हणजे त्यांना माझ्या प्रात्यक्षिकांचं कळलंय का? तसं काही बोलले नाहीत.

१३ मार्च, शुक्रवार

आज दुपारी कँटीनवाल्या मावशी खिडकीतून चहा सरकवून गेल्या. मी मागवला नव्हता. "दिलेत कुणीतरी. पी गरम आहे तोवर." आलं घातलेला, कमी साखरेचा, अगदी मला लागतो तसा. शेठ आज केस रंगवून आलेत. त्यांचाच प्रताप असणार. परमेश्वरा, एवढंच बाकी होतं.

१७ मार्च, मंगळवार

पुन्हा चहा. शेठना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, "मी स्वतःलासुद्धा चहा पाजत नाही." हे मात्र खरं आहे.

बाबा संध्याकाळी चांगले हुशारीत होते. पूर्वी डायलिसिसहून आले की मुटकुळं करून पडायचे, अंधार पडेपर्यंत तोंडातून शब्द नसायचा. आता गप्पा मारतात. काकांच्या सोबतीचा गुण. मी इतके महिने जीव टाकून सोबत केली तेव्हा हे नाही, आणि काका आले की लगेच मैफल. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

२४ मार्च, मंगळवार

बाबा रोज विचारतात, आज काय केलं. मी जुने प्रयोग आठवून सांगते. आज टायट्रेशन सांगितलं. वरच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा. बराच वेळ काहीच होत नाही, पाणी नितळ ते नितळच. आणि मग एका थेंबाने सगळं गुलाबी.

"तो थेंब कुठला ते आधी कळत नाही?"

"नाही ना. म्हणून तर नजर हटवायची नाही."

"आणि जास्त पडला तर?"

"तर वाया. परत काढता येत नाही."

ते उठले. मग आत जाऊन बसमधली स्वतःची जुनी उशी घेऊन आले, इतकी वर्षं जपून ठेवलेली. "ही घेऊन जा. बसून बसून पाठ दुखत असेल."

मी म्हणाले, "प्रयोगशाळेत उभंच राहतात, बाबा."

"वर्गातले बाक कडक असतात," ते म्हणाले. उशी खिडकीतल्या स्टुलावर बरोब्बर बसली.

३ एप्रिल, शुक्रवार

बाबांच्या चपला घट्ट होतायत. पट्टा लागत नाही म्हणून तसाच मोकळा ठेवून चालतात. मी म्हणाले, वजन वाढलं वाटतं, बरं आहे. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, तर म्हणाले, "समाधानकारक." दोघंही हसलो.

चहा आला.

१० एप्रिल, शुक्रवार

उशीला उशी लावून बसूनच झोपतात. आडवं झालं की खोकला येतो म्हणे. हवा बदललीय, सगळ्यांनाच खोकला आहे. मध्येच विचारलं, "आज गर्दी फार होती ना?"

"कुठे?"

"कॉलेजात," म्हणाले.

कॉलेजात कशाची गर्दी? पण आज स्थानकात खरंच गर्दी होती.

कंडक्टर काका आज दारापर्यंत सोडायला आले, पण चहाला थांबले नाहीत. माझ्याशी नजरही भिडवली नाही. माणसं म्हातारी झाली की विचित्र होतात. आम्ही परीक्षेचंही बोललो. तेवीस तारखेला पहिला पेपर, असं मी ठोकून दिलं. बाबांनी कॅलेंडरवर खूण केली.

२० एप्रिल, सोमवार

पहाटे बाबांना श्वास घेता येईना. ओठ काळेनिळे. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणत होते, कॉलेज बुडेल तुझं, कॉलेज बुडेल.

हॉस्पिटलात सिस्टरने पायावर बोट दाबलं. पडलेला खळगा भरूनच येईना. "होतात कुठे तुम्ही? मार्चपासून दिसलाच नाहीत. फोन केला तर म्हणालात, दुसऱ्या हॉस्पिटलात जातो."

मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. मार्चपासून. काकांना फोन केला आणि मी तोंडाला येईल ते बोलले. शेवटी तो माणूस म्हणाला, "मी येतो."

बाबा अतिदक्षता विभागात आहेत. मशीन लावलंय. यावेळी डॉक्टर चालता चालता बोलले नाहीत. थांबून बोलले. छातीत पाणी झालंय, हृदय दमलंय. तो नेहमीचा शब्द त्यांनी वापरला नाही.

बाबांना विचारलं, का? का गेला नाहीत? मी किती भांडले. आजारी माणसाशी असं भांडतात का?

२६ एप्रिल

गुरुवारचं लिहायचं राहिलंय. लिहायलाच हवं.

तेवीस तारीख. सकाळी बाबा शुद्धीवर होते, बऱ्यापैकी बोलत होते. काका पायाशी उभे. बाबा म्हणाले, "आज पेपर ना?"

मी म्हणाले, "हो, पण पुढच्या वेळी देता येतो. नाही जात."

"असं कसं. सोडलेलाही घेतलेलाच धरतात म्हणालीस ना?"

मी असं त्यांना कधी म्हणाले होते? आठवत नाही. कदाचित बोलण्याच्या ओघात म्हणाले असेन.

काका खाली फरशीकडे बघत होते. बाबांनी हात उचलला, खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं. टण टण. "चल क्लीनर. सुटायची वेळ झाली."

आणि मी गेले. बॅग घेऊन गेले. त्या वेळी मला वाटलं की आता खोटं उघडं पडलं तर त्यांना धक्का बसेल. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, धक्का नको.

हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यावर बसले. झाडूवाल्या बाई आल्या, मला वळसा घालून फरशी पुसून गेल्या. मी वहीच्या मागच्या पानावर जुन्या पेपरातली गणितं सोडवत बसले. सगळी बरोबर आली. घरून कॉलेजला जायला लागतो तेवढा वेळ, पेपरचा वेळ आणि परत येण्याचा वेळ, असं धरून बसून राहिले. वर जाताना तोंड धुतलं. 'सोपा होता' हे वाक्य घोकत होते.

पडदा ओढलेला होता.

सिस्टर म्हणाली, मघाशीच गेले. "तुम्हाला फोन लावत होतो. तर म्हणाले, पोरगी पेपरला बसलीय, उठवू नका."

मी दोन मजले खाली होते. हाक मारली असती तरी ऐकू आली असती.

५ मे, मंगळवार

सकाळी ओळखपत्र परत करायला कॉलेजात गेले. चष्मेवाल्या बाईंना कुठून तरी कळलं होतं. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि जिभेवर निखारा असल्यासारखं म्हणाल्या, "पुन्हा अपील करता येईल आता. हे कारण समिती नाकारत नाही. कुणाला यावंही लागत नाही." अर्ज त्यांनी आधीच काढून ठेवला होता. तीन कारणांतल्या तिसऱ्यापुढे चौकोन होता. खूण माझी मी करायची.

मी अर्ज घेतला. भरेन की नाही, माहीत नाही. भरला तर बापाचं मरण विकल्यासारखं होईल, नाही भरला तर तेही फुकट जाईल. हे असं लिहायला नको, पण डोक्यात तेच आहे.

तिथून स्थानकावर आले, शेठना सांगायला. समोरच्या फलाटावर खांबामागच्या बाकावर कंडक्टर काका बसले होते. माझी त्यांच्याशी बोलायची इच्छा नव्हती. ते उठले नाहीत, नुसते बाजूला सरकले. मी बसले. तिथून माझी खिडकी दिसते. खांबाच्या आडून, पण अख्खी दिसते. स्टुलावर बाबांची उशी होती.

"पहिल्याच शुक्रवारी दिसलीस तू," काका म्हणाले. "आम्ही हॉस्पिटलला जायलाच निघालो होतो. तो इथेच थबकला. म्हणाला, आज नको, आज बसू. मग दर खेपेला, आज बसू."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"शपथ घातली होती. मी म्हणालो, अरे, पोरीला सांग तरी, की कळलंय तुला. तर म्हणाला, तिने माझी लाज राखली त्या तिघांसमोर. आता तिची मी राखायची. नंतर एकदा त्या कॉलेजातल्या बाईंना जाऊन भेटला. अपिलाची कारणं, नियम, काय ते सगळं विचारून आला. त्यानंतर हॉस्पिटलचं नाव काढलं की भांडायचा. म्हणायचा, माझ्या मशीनच्या वायरीत पाय अडकून ती पडली."

मग मी विचारलं, "माझी परीक्षा नाही हे माहीत होतं, तर मला कुठे जा म्हणाले ते?"

"ते मला नको विचारूस," काका म्हणाले आणि रुमाल शोधायला लागले.

मला नाही समजत. बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? हात धरून बसले असते. मला त्यांचा राग येतो आणि राग आला की रडू येतं, आणि फलाटावरची माणसं बघतात.

कँटीनवाल्या मावशी आल्या. काकांना नाही, मलाच चहा दिला. आलं घातलेला, कमी साखरेचा. आज मंगळवार आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी म्हणाले, मावशी, आता नका देऊ, देणारे गेले.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण आगाऊ दिलेत त्यांनी. म्हणाले, माझ्या पोरीची परीक्षा चाललीय, ती संपेपर्यंत द्या."

"कधी संपते म्हणाले?"

मावशींनी पदराला हात पुसले. ते काही त्यांना सांगितलं नव्हतं.